एकाच बाजूचा डोंगर : कुवेतमध्ये फेडलेला एक नवस

कुवेतमध्ये डोंगर चढून आलो असं सांगितलं, की लोक आधी आपल्या तोंडाकडे बघतात आणि मग हळूच विषय बदलतात. त्यात त्यांची चूक नाही. या देशात रोजच्या येण्याजाण्यात लागणारी सगळ्यात मोठी चढण म्हणजे रिंग रोडचा उड्डाणपूल, आणि तोही चढतो तो आपण नाही, कंपनीची बस. तरीही आम्ही चार माणसं गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, झुंबर लावलेला कॅरॅव्हॅन ओढत, अनवाणी चढण्याजोगा डोंगर शोधायला बाहेर पडलो. कुणाला असाच बेत करायचा असेल तर हे सगळं वाचा. करायचा नसेल तर नक्कीच वाचा.

याला कारण पक्या. पक्या म्हणजे प्रकाश, एसीचे डक्ट बसवणारा, कुडाळकडचा. अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहतो. मी त्याच कंपनीत स्टोअरकीपर, पक्या, आणि आमच्या सगळ्यांत वडीलधारे दाजी. दाजी सुतारकाम करतात, स्वयंपाक करतात आणि विचारलं नाही तरी सल्ला देतात. पावसाळ्यात गावी पक्याची पाच वर्षांची मुलगी सई तापाने फणफणली आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. इथे पक्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्याने गावच्या डोंगरावरच्या देवाला नवस बोलला: पोर बरी होऊ दे, जत्रेला येऊन अनवाणी डोंगर चढेन, तुला नारळ आणि नैवेद्य देईन. सई बरी झाली. पक्याने रजेचा अर्ज टाकला, तिकीट बघून ठेवलं, आणि जत्रेच्या तोंडावर साइटवरच्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या.

इथपर्यंत चुटपुट होती. पण पुढच्याच आठवड्यात फोनवर सईचा खोकला ऐकू आला आणि पक्याची झोप उडाली. डॉक्टरांनी साधा खोकला आहे, औषध द्या, असं सांगितलं होतं. पक्याच्या डोक्यात मात्र हिशेब पक्का बसला होता: देवाने त्याचं काम केलं, आपण आपलं केलं नाही. तो जेवेना. डक्टचं माप चुकवू लागला. त्याच्यावर हसण्याची आमच्या खोलीत कुणाचीच हिंमत नव्हती, कारण आम्ही सगळेच असे काही ना काही बोलून बसलेलो असतो.

शेवटी त्याने आईला विचारलं. पक्याच्या आईला आम्ही सगळेच काकी म्हणतो. काकीने गावच्या जाणत्यांना विचारून, की कुणालाही न विचारता, ते देवच जाणे, निकाल दिला.

"थयच फेड. पण त्याच दिवशी. डोंगर खरो व्हयो. नैवेद्य पायथ्याक रांधूचो, नि वर नारळ देवचो. चपला घालूचे नाय. आणि माका दाखव."

या पाच अटींनी आमचा घात केला.

डोंगराचा पत्ता साजिदने दिला. साजिद श्रीवर्धनकडचा, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो आणि राई नावाच्या गॅरेजांच्या भागात भाड्याने कॅरॅव्हॅन देणाऱ्या एका शोरूममध्ये ड्रायव्हर आहे. जहरा शहरापलीकडे मुतला नावाची एक कड आहे, तीच इथली सगळ्यात उंच जागा, असं त्याने सांगितलं. हे नाव ऐकल्यावर पाच मिनिटं खोलीत कुणालाही सरळ बोलता आलं नाही, दाजींनासुद्धा. काकीला नाव सांगायचं नाही, हे मात्र एकमताने ठरलं.

"आणि रांधूचा कशार?" दाजींनी विचारलं. उघड्यावर वारा चूल पेटू देत नाही आणि वाटेल तिथे आग केली तर दंड होतो. तेव्हा साजिद म्हणाला, की एक कॅरॅव्हॅन दुरुस्तीहून आलाय, त्याचा एसी तपासायचाय, आम्ही तो तपासून दिला तर मुदीर शुक्रवारपुरता फुकट देईल. मुदीर म्हणजे त्याचा मॅनेजर. एसीवाला पक्या आमच्यात होताच. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या हाती कॅरॅव्हॅन आला, आणि तो आला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी.

सकाळ : राई

शुक्रवारी सकाळी राईतली गॅरेजं बंद आणि रस्ते मोकळे असतात. आम्ही टॅक्सीने पोचलो. माझ्याकडे नारळांची पिशवी, पक्याकडे गावाहून आलेले काळे वाटाणे भिजवलेला डबा, आणि दाजींच्या कडेवर लेकरासारखी धरलेली लोखंडी कढई. (कोवळा नारळ घेऊ नका, लवकर फुटतो पण खोबरं नसतं. अब्बासियात कुठल्याही मल्याळी किराणावाल्याकडे केरळचा नारळ मिळतो, चारशे-पाचशे फिल्सला.)

साजिदने कॅरॅव्हॅनचं दार उघडलं आणि आम्ही तिघेही दारातच थबकलो. आत पांढऱ्या लेदरचा सोफा होता. छताला काचेचं झुंबर होतं. नळ सोनेरी होते. टीव्ही आमच्या खोलीच्या खिडकीपेक्षा मोठा होता आणि जमिनीवर पाय बुडेल असा गालिचा.

दाजींनी चपला बाहेर काढल्या, पाय झटकले, आणि विचारलं, "साजिद, ह्येच्यात माणसां रवतत?"

"चार दिवस राहतात दाजी. मग कंटाळतात आणि घरी जातात."

"आणि वडे खय तळूचे?"

साजिदने सोन्याच्या नळाशेजारची काचेची शेगडी दाखवली. मग तिच्यावरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघितलं, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाला हो म्हणून बसलोय. त्याने निमूटपणे गोदामातून पुठ्ठे आणले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सोफा, भिंत आणि गालिचा पुठ्ठ्यांनी झाकला. आत आता आमच्या स्टोअरसारखं दिसायला लागलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

पक्याने एसी तपासला, गॅस ठीक आहे म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, "नेट असा ना थय? सईक व्हिडिओ लागात ना?" दिवसभरात हा प्रश्न त्याने किती वेळा विचारला ते मी मोजलं नाही.

पहिला डोंगर

साजिदने कॅरॅव्हॅन शोरूमच्या गाडीला जोडला आणि आम्ही निघालो. राईहून जहरा रोडने सुमारे अर्धा-पाऊण तास. जहरा संपलं की अब्दलीकडे जाणारा मोठा हायवे लागतो. कॅरॅव्हॅन ओढताना डाव्या लेनच्या वाटेला जाऊ नका, मागून दिवे मारत येणारी गाडी तुम्हाला माणूस समजत नाही. पेट्रोल स्वस्त आहे, त्याची काळजी नको. पाणी आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी, जहरातच घ्या.

मी नकाशात शोधून ठेवलं होतं. मुतलाच्या नव्या वसाहतीजवळ कुणीतरी एका ठिकाणी खूण करून "माउंटन व्ह्यू" असं लिहिलं होतं आणि त्याला भरघोस तारे दिले होते. आम्ही तिथे पोचलो आणि खरंच, समोर डोंगर! चांगला तीन मजली, टोकदार, चारही बाजूंनी उतार असलेला, लहान मुलं चित्रात काढतात तसा. पक्याचे डोळे भरून आले. त्याने लगेच काकीला व्हिडिओ लावला.

"बग आये! डोंगर!"

काकीने फोन नाकाला लावून पाहिलं. "झाडपेड काय नाय?"

"हय झाडां नसतत आये."

"बरो आसा दिसाक," काकी म्हणाली. "पण पिवळो कित्याक?"

तेवढ्यात मागून धडधडत एक लोडर आला, त्याने डोंगराच्या कुशीत पातं घातलं आणि डोंगराचा सातवा हिस्सा उचलून टिप्परमध्ये ओतला. काकीने ते बघितलं. आम्हीही बघितलं. डोंगराचं टोक जागेवरच बसलं आणि वाळू सरसरत खाली आली.

लोडरवाला पेशावरचा होता. त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाईजान, रेती चाहिए?"

"नहीं," मी म्हटलं, "पहाड चाहिए."

त्याने आमच्या चौघांकडे, मग दाजींच्या कढईकडे, मग झुंबराच्या कॅरॅव्हॅनकडे पाहिलं. "ये तो कल तक खतम हो जाएगा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आज का आज देख लो."

"देवाचो डोंगर टेम्पोत भरतत?" फोनमधून काकीचा आवाज आला. "प्रकाश, खरो डोंगर बग. माका फसव नको." मग पक्याने घाईघाईने विचारलं, सई कुठाय. काकी म्हणाली, "झोपलीया."

भारतात तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाच वर्षांची पोर अकरा वाजता झोपलेली. फोन ठेवल्यावरही पक्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिला.

दुसरा डोंगर, म्हणजे त्याची पाठ

साजिद म्हणाला, माझं ऐका, हायवेनेच पुढे चला. आम्ही चाललो. रस्ता किंचित वर गेल्यासारखा वाटला, कान काही दडले नाहीत, आणि मग दोन्ही बाजूंना पुन्हा सपाट वाळवंट. तंबू, जनरेटर, डिश अँटेना, वाळूत उड्या मारणाऱ्या चारचाकी मोटरसायकली. थंडीत अर्धा कुवेत इथे राहायला येतो. (कॅम्पिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. जागा बलदिया, म्हणजे नगरपालिका, दरवर्षी ठरवून देते आणि नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. काही भाग अभयारण्याच्या कुंपणात आहे, तिकडे वळू नका. आणि वाळूत पडलेल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावू नका, युद्धातलं काय कुठे राहिलं असेल सांगता येत नाही. मळलेली वाट सोडायची नाही.)

बऱ्याच वेळाने पक्याने विचारलं, "डोंगर कधी येतलो?"

"आला की," साजिद म्हणाला. "आपण त्याच्यावरच आहोत."

गाडी थांबवून आम्ही उतरलो. वारा असा बोचरा, की माझी माकडटोपी उडून एका अरबी तंबूच्या दोरीला अडकली. दाजी स्वतःभोवती पूर्ण फिरले. सगळीकडे ताटासारखं सपाट. मग दक्षिणेला थोडं चालत गेलो आणि पायाखालची जमीन एकदम संपली. खाली भुरकट खडकाची कड, त्याखाली वाळूचा पट्टा, त्यापलीकडे कुवेतचं आखात आणि धुरकट हवेत शहरातले टॉवर. जागा खरंच देखणी होती.

तर मुतला हा असा डोंगर आहे. त्याला एकच बाजू आहे. उत्तरेकडून आलात तर तो तुम्हाला दिसत नाही, तुम्ही न चढताच वर असता. दक्षिणेकडून आलात तर डोंगर आहे. उंची जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. सह्याद्रीतल्या माणसाने याला डोंगर म्हणणं म्हणजे चहाच्या कपाला विहीर म्हणणं. पण आखाताच्या पातळीवरून वर बघितलं, तर नाकारताही येत नाही.

दुसरा व्हिडिओ लागला. पक्याने फोन सगळीकडे फिरवला.

"खय आसा?" काकी म्हणाली.

"मी त्याच्या वर उभो आसंय."

"मग चढलंस कधी?"

"चढाक नाय लागला. गाडी वर इली."

काकीने कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "गाडयेन नवस फेडतत काय रे मेल्या? खाली उतर. पायथ्याक रांध. मगे चढ." आणि सई अजून झोपलेलीच होती.

पक्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळ्या, ती काय तरी लपयता." त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. दिवसभर मी मनातल्या मनात या सगळ्याची मजेदार पोस्ट लिहीत होतो, ती तिथे थांबली. मी म्हटलं, लवकर उतरू आणि लवकर चढू. दुसरं काय म्हणणार?

पायथा

डोंगर चढायला म्हणून आधी डोंगर उतरण्याचा हा माझा पहिलाच अनुभव. यू-टर्नसाठी लांब जाऊन, हायवेने परत खाली येऊन, सुबियाकडे जाणारा कडेखालचा रस्ता धरला आणि कुंपण नसलेल्या भागात, जिथे गाड्यांच्या चाकोऱ्या आधीच होत्या, तिथे कॅरॅव्हॅन लावला.

मग दाजींनी झुंबराखाली सांबारं रटरटत ठेवलं आणि वडे थापायला घेतले. कढई काचेच्या शेगडीवर बसेना, तेव्हा साजिदने ती एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा धरला. तेलाचा प्रत्येक थेंब उडाला की तो डोळे मिटायचा.

"दाजी, हळू. या सोफ्याची किंमत माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी आहे."

"मगे त्येच्यार बसतत कशे?" दाजींनी मनापासून विचारलं.

आत सगळीकडे मालवणी मसाल्याचा वास भरला. एसीत तो कायमचा जाऊन बसणार, हे एसीवाल्या पक्याला आणि मला दोघांनाही कळलं, पण आम्ही साजिदला सांगितलं नाही. आम्ही काही चाखलं नाही, आधी नैवेद्य. सकाळपासून पोटात फक्त चहा होता, आणि वड्यांच्या त्या टोपलीसमोर बसून राहणं हाही एक प्रकारचा नवसच होता.

चढ

पक्याने चपला कॅरॅव्हॅनच्या पायरीवर काढल्या. त्याला सोबत म्हणून दाजींनीही काढल्या, मग मी, मग लाजून साजिदने. पहिल्या पन्नास पावलांतच दाजी, मी आणि साजिद परत येऊन चपला घालून गेलो. ती जमीन वाळूची वाटते, पण वाळूत गारगोट्यांच्या धारदार कपच्या असतात, आणि वर कडेजवळ खडकाचा खरखरीत पापुद्रा. पक्या तसाच चालत राहिला. हातात नारळ, डोक्याला टॉवेल, खाली मान. चहाच्या कपाएवढा का असेना, पण तो डोंगर त्या दिवशी एकट्या पक्याने चढला. आम्ही नुसते वड्यांची टोपली आणि सांबाऱ्याचा डबा घेऊन वर गेलो.

(वाट चाकोरीतून आहे, वर घसरडी होते, बूट घालून फार तर अर्धा तास. कचरा करू नका. पाणी न्या.)

माथ्यावर पोचल्यावर दाजींनी नारळ ठेवायला एक सपाट दगड बघितला. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला मोठ्या आवाजात सगळी हकीकत सांगायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" असं ओरडून साक्ष द्यायची. गावात दाजींना प्रत्येक सीमेच्या राखणदाराचं नाव पाठ आहे. इथे ते तोंड उघडून थांबले. कुणाला हाक मारायची?

मग त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा ह्या जाग्याच्या राखणदारा! तुझा नाव माका ठावक नाय, तुझी भाषा माका येणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी कोकणातली माणसां, पोटासाठी तुझ्या राज्यात इलंव. आमचे सगळ्यांचे सिव्हिल आयडी चालू आसत!"

"व्हय म्हाराजा!" साजिद सगळ्यात मोठ्याने ओरडला.

"ह्या प्रकाशाच्या चेडवाक बरा वाटला, त्येचो नवस आसा आमच्या डोंगरावयल्या देवाचो. तो देव लांब, डोंगर लांब, रजा मेळाक नाय. तर ह्यो नारळ तू घे, नि थय पोचव! काय कमी-जास्त झाला तर पदरात घे. आणि त्या पोरीक सुखरूप ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

आमचा आवाज कडेवरून घुमला असावा, कारण मागच्या पठारावरून एक पांढरी जीप धूळ उडवत आली. तिच्यातून एक वयस्क कुवेती गृहस्थ उतरले, अंगात जाड हिवाळी दिशदाशा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात जपाची तस्बीह, मागे तीन-चार नातवंडं. अबू नासर त्यांचं नाव. दरीत कुणीतरी पडलंय आणि मदतीला ओरडतंय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी आम्हाला मोजलं, मग कडेवरून खाली वाकून पाहिलं, की पाचवा कुठे आहे.

साजिदने अरबीत समजावलं: याची मुलगी आजारी होती, बरी झाली, म्हणून हा आज डोंगर चढला.

अबू नासरनी मान डोलावली. मग हिंदीत विचारलं, "कौन सा जबल?"

साजिदने पायाखाली बोट दाखवलं.

"ये?" त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले. "ये जबल है? वल्ला, मैं बच्चा था तब से इधर आता है. कोई मेरे को बोला नहीं!" आणि ते इतके हसले, की नातवंडंही हसायला लागली. पण त्यांची नजर पक्याच्या पायांवर गेली तेव्हा हसणं थांबलं. टाचेशेजारी रक्त होतं. त्यांनी पक्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिंत जेन?" मुलगी ठीक आहे ना?

पक्याला "जेन" म्हणता येईना. त्याने नुसता फोन वर केला.

निकाल

काकीने फोन उचलला. पक्याने आधी नारळ दाखवला, मग कड, खाली ठिपक्याएवढा कॅरॅव्हॅन, मग आखात. काकी बघत राहिली. आम्ही सगळे, अबू नासर आणि नातवंडं धरून, फोनभोवती गोळा झालो. कुणी परीक्षेच्या निकालाला इतकं जवळ उभं राहत नाही.

"लहान आसा," काकी म्हणाली.

"हय ह्योच सगळ्यात मोठो, आये. ह्येच्या वर नाय काय." पक्याने फोन जवळ घेतला. "सई अजून झोपलीया? तिका काय झाला? माका खरा सांग."

काकीने मागे वळून घरात बघितलं. मग म्हणाली, "काय्येक झाला नाय. ती दमली."

"दमली? कित्याक?"

"सकाळी डोंगरार गेली हुती ना. माझ्यावांगडा."

वारा होता, म्हणून आम्ही सगळे आणखी आत वाकलो.

"माका ठावक हुता तुझो डोंगर कसो आसतलो," काकी म्हणाली. "वाळयेच्या देशात डोंगर खयसून येतलो? म्हणान मीच उजाडताना चढलंय. पायात काय नाय घातलंय. नारळ दिलंय. सईक शेजारणीकडे ठेवतलंय हुतंय, तर ती काय ऐकता? उचलून घेतंय म्हटला तर नको म्हणाली. सगळो डोंगर माझ्याफुडे धावत गेली. मीच मागे रवलंय. वर जाऊन माका हाका मारी हुती, आजये, ये गे लवकर."

पक्या खाली बसला. तिथेच, गारगोट्यांवर.

"मगे माका कित्याक चढयलंस?" त्याने विचारलं.

"नवस तुझो," काकी म्हणाली. "मी चढलंय म्हणून आधी सांगितलंय आसतंय, तर तू थय खोलीत रडत बसलो आसतंस. बग, आता जीव जरा खाली बसलो काय नाय?"

पक्या हसत होता की रडत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. साजिदने अबू नासरना सगळं अरबीत सांगितलं. ते ऐकून म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि फोनमधल्या काकीला छातीवर हात ठेवून सलाम केला. काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आम्हाला दरडावलं, "नुसते उभे कित्याक? त्या माणसाक वडे दी."

दाजींनी दगडावर नारळ फोडला. पहिला वडा नैवेद्याचा, दुसरा अबू नासरांचा. त्यांनी तो सांबाऱ्यात बुडवून खाल्ला, एकदम थांबले, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "कमान." अजून द्या. नातवंडांना वडा आवडला नाही, पण "व्हय म्हाराजा" फार आवडलं, आणि आम्ही निघेपर्यंत ती पोरं ते कडेवरून आखाताला ऐकवत होती. अबू नासरनी आम्हाला तंबूत नेऊन चहा पाजला, खजुरांचा डबा दिला, आणि पक्याच्या टाचेला स्वतःच्या गाडीतली पट्टी बांधली.

परत

संध्याकाळी कॅरॅव्हॅन राईत लावला. पुठ्ठे काढल्यावर सोफा जसाच्या तसा पांढरा निघाला. साजिदच्या मुदीरला पुढच्या आठवड्यात फक्त एवढीच शंका आली, की एसी लावला की भूक का लागते.

असा बेत करावा का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, करा. मुतलावर बघण्यासारखं फार नाही, पण तिथून दिसतं पुष्कळ. मी मात्र डोंगर म्हणून त्याची शिफारस करणार नाही. माझ्या फोनमधले सगळे फोटो बघितले, एकाही फोटोत डोंगर नाही. कुठल्याही बाजूने काढा, चार माणसं सपाट जमिनीवर उभी आहेत, एवढंच दिसतं. घरी आल्यावर मी स्वतः सईच्या वयाच्या माझ्या भाचीला फोन लावला आणि काही कारण नसताना बराच वेळ बोललो. मला तेवढ्याचीच गरज होती बहुतेक.

शनिवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये पक्या माझ्या शेजारी बसला. रात्रभर तो घोरला होता आणि आम्ही दोघे जागे होतो. म्हणाला, एक फोटो पाठव, सईला दाखवायचाय.

"अरे, त्यात डोंगर दिसतच नाही," मी म्हटलं.

"दी रे. तिका सांगतलंय, मी वर उभो आसंय, म्हणान तो दिसणा नाय."

त्याने फोटो पाठवला आणि तसं सांगितलंही. बस सहाव्या रिंग रोडला लागली तेव्हा उत्तर आलं. सईचा आवाज खणखणीत होता, खोकला नव्हता. पक्याने फोन कानाला लावला, मग मलाही ऐकवला.

"दिसलो माका, बाबा. आता खाली उतर, नि घराक ये."